घरपट्टीच्या पावतीवर पावसाचाही रकाना हवा





पावसाळ्यात हजेरीपटाकडे पाहिले की एक गोष्ट आमच्या दरवर्षी लक्षात येते. जुलै महिन्यात सलग तीन-चार दिवस पाऊस लागला की येळ्ळूर, वडगाव, जुने बेळगाव या भागांतील शेतकऱ्यांची मुले गैरहजर असतात. ती आजारी नसतात. शिवारात पाणी शिरलेले असते आणि घरातील लहानथोर सगळे पाण्याला वाट करून द्यायला, वाहून आलेला कचरा वेचायला शेतात गेलेले असतात. पाऊस उघडला की ही मुले परत येतात. तोवर गणिताचा एखादा धडा पुढे गेलेला असतो.

गेल्या पावसाळ्यात असेच एक पालक रजेचा अर्ज घेऊन कार्यालयात आले. बळ्ळारी नाल्याच्या काठाला त्यांची दीड एकर भातशेती आहे. पेरलेले भात काळ्या पाण्याखाली गेले होते. अर्ज दिला, पाणी प्यायले आणि जाता जाता अंगणाकडे बघून म्हणाले, "सर, अंगण झकास केलासा. पूर्वी हितं पाणी मुरत होतं. आता ते आमच्या शेतात येतंय."

ते रागाने बोलले नव्हते, म्हणूनच ते वाक्य आमच्या मनातून गेले नाही. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या मातीच्या अंगणात पेव्हर ब्लॉक बसवण्याचा आग्रह आमचाच होता. गणवेश चिखलाने माखतात अशी पालकांची तक्रार होती, विश्वस्त मंडळाने मंजुरी दिली, माजी विद्यार्थ्यांनी देणगी दिली आणि आम्ही समाधानाने फोटो काढले. अंगणातील पाणी पुढे कोठे जाणार, हा प्रश्न त्या बैठकीत कोणीही विचारला नाही. आम्हीही नाही.

म्हणून या अंकात आम्ही अभ्यास आणि निकाल बाजूला ठेवून गटारावर लिहिणार आहोत. विषय शाळेच्या पत्रिकेला शोभणारा नाही असे कोणास वाटले तर क्षमा असावी. पण गटार शाळेच्या फाटकासमोरूनच वाहते.

आधी थोडे गणित

एक चौरस मीटर जागेवर एक मिलीमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी होते. हे सूत्र इयत्ता नववीच्या मुलांना दिले आणि टेप हातात देऊन शाळा मोजायला सांगितली. छप्पर ९,००० चौरस फूट भरले आणि पेव्हर ब्लॉकचे अंगण ६,०००. एकूण १५,००० चौरस फूट, म्हणजे सुमारे १,४०० चौरस मीटर. बेळगावचा वर्षाचा पाऊस ढोबळमानाने १,२०० मिलीमीटर धरला तर आपल्या एका शाळेवर वर्षाला सुमारे १६ लाख ८० हजार लिटर पाणी पडते. पाच हजार लिटरचा टँकर धरला तर ३३६ टँकर. मुसळधार पावसाच्या एकाच दिवसात १०० मिलीमीटर पडला तर त्या दिवशी २८ टँकर पाणी आपण फाटकाबाहेर सोडतो. थोडेफार पाणी जिरते, थोडे वाळते, हे खरे. पण मातीत जेवढे मुरत होते तेवढे सिमेंटात मुरत नाही.

पालकांनी आपल्या घराचेही गणित करून पाहावे. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर वर्षाला एक लाख लिटरहून अधिक पाणी पडते. अशी हजारो घरे, त्यांच्यामधले काँक्रीटचे रस्ते, मंगल कार्यालयांची पटांगणे, दुकानांसमोरच्या फरशा. २०११ च्या जनगणनेत बेळगाव शहराची लोकसंख्या सुमारे ४ लाख ९० हजार होती. त्यानंतर २०१६ साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत आपला समावेश झाला आणि अनेक रस्ते काँक्रीटचे झाले. रस्ते चांगले झाले, ते आम्हीही वापरतो. पण रस्त्याबरोबर पाण्याचा वेगही वाढला.

हे पाणी जाते कोठे?

शहराच्या दक्षिण भागातील बरेचसे पाणी शेवटी बळ्ळारी नाल्यात उतरते. अनगोळ, वडगाव, शहापूर, जुने बेळगाव अशा शिवारांतून हा नाला पुढे सरकतो आणि ते पाणी मार्कंडेय व घटप्रभा यांच्या खोऱ्यात जाते. घटप्रभा कृष्णेला मिळते. ज्या शिवारांतून हा नाला जातो ती बेळगावच्या बासमतीची शिवारे आहेत. आपल्या आजीच्या पिढीला त्या तांदळाचा वास शेजारच्या घरात शिजत असला तरी ओळखू यायचा. आज त्याच काठावरचे शेतकरी दरवर्षी एकच तक्रार करतात: नाला गाळाने आणि जलपर्णीने भरला आहे, पाणी पुढे सरकत नाही आणि ते शेतात पसरते. पेरलेले कुजते, दुबार पेरणी करावी लागते.

नुसते पावसाचे पाणी असते तर एक वेळ चालले असते. पहिला पाऊस शहर धुऊन काढतो. रस्त्यावर सांडलेले तेल, टायरची झीज, जनावरांचे शेण, पानाच्या पिचकाऱ्या, गुटख्याच्या पुड्या, बांधकामाची वाळू, कारखान्यांच्या आवारातील धूळ हे सारे गटारातून नाल्यात येते. खरे तर सांडपाण्याची भुयारी गटार वेगळी आणि पावसाच्या पाण्याची उघडी गटार वेगळी असायला हवी. आपल्याकडे या दोघांची गाठ कोठे ना कोठे पडतेच. कोणाच्या न्हाणीघराचे पाणी उघड्या गटारात सोडलेले असते, तर कोठे तुंबलेल्या भुयारी गटारातून मैला रस्त्यावर येतो. म्हणून शेतात शिरणारे पाणी काळे असते.

ऑगस्ट २०१९ मध्ये शहराच्या सखल भागात घराघरांत पाणी शिरले. त्याच दिवसांत निपाणीजवळ यमगर्णी येथे वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले आणि पुणे-बंगळूर वाहतूक थांबली. जुलै २०२१ मध्ये यमगर्णीला तेच पुन्हा घडले. नदीचा महापूर आणि शहरातील नाल्याचा पूर या दोन निराळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नये. महापूर आवरणे आपल्या हाती नाही. पण गटारातला गाळ, मोरीत अडकलेले प्लास्टिक आणि आपल्या अंगणातले पाणी आपल्या हाती आहे.

बांधायला पैसे आहेत, राखायला नाहीत

नाल्याचे काम कोणी करायचे, असे विचारले की उत्तर ठरलेले असते: सरकारने. मोठ्या कामांपुरते ते बरोबर आहे. मैलापाणी शुद्ध करण्याचे केंद्र उभारणे हे घरपट्टीच्या पैशांतून होणारे काम नाही. हलगा येथील अशा केंद्राचे काम जमिनीच्या प्रश्नावरून वर्षानुवर्षे अडून राहिले, हे आपण पाहिले आहे. शेतकऱ्याची जमीन घेऊन शहराची घाण शुद्ध करायची, तर त्या शेतकऱ्याचे म्हणणे आधी ऐकावे लागते.

पण योजनांचा पैसा बांधण्यासाठी येतो. बांधलेले दरवर्षी राखण्यासाठी येत नाही. मे महिन्यात गाळ काढणे, मोऱ्यांच्या तोंडाशी जाळ्या बसवणे आणि त्या आठवड्याला साफ करणे, गाळ खाली बसावा म्हणून नाल्याआधी खड्डे ठेवणे, चुकीची जोडलेली सांडपाण्याची नळी शोधून तोडणे, ही कामे उद्घाटनाची नाहीत. त्यांची कोनशिला बसत नाही. म्हणून ती दरवर्षी मागे पडतात आणि पाऊस आला की घाईघाईने केली जातात. अशा कामासाठी दरवर्षी ठरावीक आणि खात्रीचा पैसा लागतो.

आता घरपट्टीची पावती काढून पाहा. (निपाणीकडचे आमचे मित्र तिला घरफाळा म्हणतात.) कर्नाटकात मूळ करावर काही उपकर घेतले जातात. १९६५ च्या कायद्याने ग्रंथालयासाठी रुपयामागे ६ पैसे, १९७५ च्या कायद्याने भिक्षेकऱ्यांच्या पुनर्वसनासाठी ३ पैसे. शिवाय आरोग्याचा आणि नागरी वाहतुकीचा उपकर आहेच. पुस्तकांचा रकाना आहे, भिक्षेकऱ्यांचा आहे. दरवर्षी शहराला अडवणाऱ्या आणि शेत बुडवणाऱ्या पाण्याचा रकाना मात्र नाही.

आमचे मत स्पष्ट आहे. तो असावा. त्यासाठी कायद्यात जी तरतूद लागेल ती सरकारने करावी आणि महापालिकेने ती मागावी.

आकारणी कशी असावी?

कर आणि शुल्क यांतला फरक विद्यार्थ्यांनी समजून घ्यावा. कर सर्वसाधारण कारभारासाठी असतो, त्याचा पैसा कोणत्याही कामाला लागू शकतो. शुल्क एका विशिष्ट सेवेसाठी असते आणि ते त्याच सेवेवर खर्च व्हावे अशी अपेक्षा असते. म्हणून आम्ही पावसाच्या पाण्यासाठी शुल्क म्हणतो, कर म्हणत नाही.

हे शुल्क घराच्या किमतीवर नको. जेथून पाणी वाहते त्या जागेवर हवे. छप्पर, गच्ची, फरशी, सिमेंट यांचे क्षेत्रफळ मोजावे. माती, झाडे, परसबाग वगळावी. समजा, चौरस फुटाला वर्षाला ५० पैसे दर ठरला. हजार फुटांच्या घराला ५०० रुपये होतील, महिन्याला ४२ रुपयांच्या आत. तीनशे फुटांच्या घराला १५० होतील. मोठे गोदाम किंवा मंगल कार्यालय असेल तर हजारो होतील आणि ते न्यायाचेच आहे. शेतजमिनीवर एक पैसाही नको, कारण शेत पाणी पाठवत नाही, झेलते. ज्याने शोषखड्डा काढला किंवा गच्चीचे पाणी विहिरीत सोडले त्याला घसघशीत सूट द्यावी. एप्रिलमध्ये घरपट्टी भरली की ५ टक्के सूट मिळते म्हणून आपण रांगा लावतो. सुटीचा गुण आपल्याला चांगला ठाऊक आहे.

ही कल्पना आमच्या डोक्यातून निघालेली नाही. अमेरिकेत सिअ‍ॅटलजवळच्या बेलव्ह्यू या शहराने १९७४ साली पावसाच्या पाण्यासाठी वेगळे खाते आणि वेगळे शुल्क सुरू केले. पुढे तेथील शेकडो शहरांनी ती वाट धरली. जर्मनीत अनेक शहरे सांडपाण्याचा आकार वेगळा आणि पावसाच्या पाण्याचा वेगळा घेतात. पावसाचा आकार पाणी न मुरणाऱ्या जागेच्या चौरस मीटरवर असतो. म्हणून लोक स्वतःहून फरशा काढून हिरवळ लावतात.

सगळीकडे गोडच झाले असे मात्र नाही. मेरीलँड या राज्याने २०१२ साली कायदा करून आपल्या मोठ्या भागांना असे शुल्क सक्तीचे केले. खाडी स्वच्छ करण्याचा हेतू चांगला होता. पण विरोधकांनी त्याला 'पाऊस कर' म्हणून हिणवले, लोकांना ते पटवून दिले गेले नाही आणि २०१५ साली ती सक्ती उठवावी लागली. धडा असा की आधी समजवावे, मग पावती फाडावी.

पालकांचे आक्षेप

हा विषय पालक सभेत काढला तेव्हा पालकांनी जे प्रश्न विचारले ते रास्त होते.

पहिला प्रश्न: आधीच इतके कर भरतो, त्यातून का करत नाहीत? उत्तर असे की त्यातून व्हायला हवे होते, झाले नाही. सर्वसाधारण तिजोरीत गेलेला पैसा गाळापर्यंत पोचत नाही. म्हणून तर वेगळा रकाना आणि वेगळे खाते मागतो आहोत.

दुसरा प्रश्न: हा पैसाही खाल्ला गेला तर? हा आक्षेप सर्वांत जड आहे आणि तो आम्ही झटकून टाकणार नाही. आमची अट अशी की प्रत्येक प्रभागात किती जमा झाले, कोणत्या गटाराचा किती गाळ निघाला, किती जाळ्या बसल्या, याचा फलक दरवर्षी जूनआधी चौकात लागावा. तसा फलक लागला नाही तर पुढच्या वर्षी दर वाढवण्याचा अधिकार महापालिकेला नसावा. आणि हा हिशोब कन्नडबरोबर मराठीतही असावा. एखादी भाषा बोलणारे लोक १५ टक्क्यांहून अधिक असतील तेथे महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही द्याव्यात, हे भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचे जुने तत्त्व आहे. येथे वाद घालण्याचा आमचा हेतू नाही. ज्याच्याकडून पैसे घ्यायचे त्याला त्याचा हिशोब वाचता यावा, एवढी साधी गोष्ट आहे.

तिसरा प्रश्न: लोक भरतील का? येथे बेळगावचाच दाखला आहे. २००८ साली शहराच्या काही निवडक भागांत चोवीस तास पाण्याची योजना सुरू झाली. मीटरप्रमाणे पैसे द्यावे लागणार म्हणून अनेकांना धास्ती होती. पण नळाला पाणी दिसू लागल्यावर इतर भागांतील लोक "आमच्याकडे कधी?" असे विचारू लागले. लोक पैशाला नाही म्हणत नाहीत. न दिसणाऱ्या कामाला नाही म्हणतात.

चौथा प्रश्न एका आईने विचारला: आमच्या घरात तर कधी पाणी शिरले नाही, मग आम्ही का भरायचे? याचे उत्तर आम्हाला त्या शेतकरी पालकाच्या वाक्यात सापडते. ज्याच्या घरात पाणी शिरत नाही त्याचेच पाणी दुसऱ्याकडे गेलेले असते. राकसकोपचे स्वच्छ पाणी आपल्याला वरून येते आणि आपले घाण पाणी खाली जाते. कोल्हापूर-इचलकरंजीकडून पंचगंगेतून येणारी घाण कृष्णेवाटे आपल्या जिल्ह्यातील गावांपर्यंत पोचते तेव्हा आपण तिकडे बोट दाखवतो. तेच बोट आपल्या खालच्या गावांनी आपल्याकडे दाखवले तर? पाण्याला सीमाप्रश्न नसतो. वरचा आणि खालचा एवढाच भेद त्याला कळतो.

आणि आपली शाळा?

शैक्षणिक इमारतींना घरपट्टीत सवलत असते. ज्ञानदानाचे काम म्हणून ती योग्यच आहे. पण पावसाच्या पाण्याच्या शुल्कातून शाळा, मंदिरे, मठ, सरकारी कचेऱ्या यांना सूट असू नये, असे आम्हाला वाटते. देवळाच्या छपरावरचे पाणी पवित्र आणि दुकानाच्या छपरावरचे अपवित्र, असे नाल्यात काही नसते. आपली शाळा ३३६ टँकर पाणी खाली पाठवते आणि सूट मागते, हे मुलांना समजावून सांगणे आम्हाला जमणार नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, अशी आपली गत होऊ नये.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे आमची तीन नम्र निवेदने आहेत.

पहिले, वर सांगितलेल्या दराने आपल्या शाळेचे शुल्क वर्षाला ७,५०० रुपये होते. सरकार नियम करील तेव्हा करील. आपण येत्या अंदाजपत्रकात ही रक्कम वेगळी काढून ठेवावी आणि ती शाळेच्या आवारातील पाणी जिरवण्यावरच खर्च करावी.

दुसरे, अंगणातील निम्मे पेव्हर ब्लॉक, म्हणजे ३,००० चौरस फुटांचे, काढून तेथे पुन्हा माती आणि झाडे आणावीत व छपराचे पाणी शोषखड्ड्यात सोडावे. ज्यांनी देणगी दिली त्या माजी विद्यार्थ्यांची आम्ही स्वतः भेट घेऊन समजूत घालू. चूक आमच्या आग्रहाने झाली, दुरुस्तीही आम्हीच सांगितली पाहिजे. गणवेश थोडे मळतील. ते धुता येतात.

तिसरे, शाळेच्या नावाने महापालिकेकडे पावसाच्या पाण्याच्या शुल्काची आणि त्याच्या स्वतंत्र हिशोबाची मागणी करणारा ठराव पाठवावा. शुल्क कमी करा म्हणून संस्था ठराव करतात, हे नेहमीचे आहे. आमच्याकडून घ्या, पण काम दाखवा, असे म्हणणारी संस्था आपली असावी.

पालकांना एवढेच सांगणे की न्हाणीघराची नळी उघड्या गटाराला जोडलेली असेल तर या पावसाआधी ती काढून घ्यावी. विद्यार्थ्यांना आम्ही काम देत आहोत: आपापल्या गल्लीतील गटार कोठून निघते आणि कोठे मिळते याचा नकाशा काढून आणा. नववीच्या मुलांनी शाळा मोजली, आता गाव मोजूया. गाव करी ते राव न करी, ही म्हण पुस्तकात वाचण्यापेक्षा अशी शिकलेली बरी.

ते पालक यंदाही जुलैत अर्ज घेऊन येतील. ते येतील तेव्हा अंगणातले निम्मे ब्लॉक निघालेले असावेत, अशी आमची इच्छा आहे. त्याने त्यांचे दीड एकर वाचेल असे आम्ही म्हणत नाही. पण त्यांच्याशी बोलताना मान खाली घालावी लागणार नाही.

या विषयावर आपली मते, विरोधी असली तरी, लेखी स्वरूपात कार्यालयात द्यावीत. पुढील अंकात ती अवश्य छापू.

आपला,
मुख्याध्यापक